न येणारे शब्द

मालनबाई गोठ्यात घसरली ती टँकर आला त्या दिवशी.

नळ कधीचा कोरडा पडला होता. तारनाक्याच्या त्या गल्लीत टँकरचा भोंगा वाजला की बायका घागरी, ड्रम, रंगाचे रिकामे डबे घेऊन धावायच्या. मालनबाई म्हशींसाठी बादल्या वाहत होती. ओल्या शेणावर तिची टाच सरकली, बादली एकीकडे गेली, ती एकीकडे. पडताना तिनं उजवा हात खाली टेकला आणि मनगटात कट्कन वाजलं.

"समदं सांडलं का गं पाणी?" तिनं आधी हेच विचारलं.

माधवीनं सासूला धरून बसवलं. मनगट बघता बघता सुजलं. माधवीचा नवरा प्रशांत दुधाचे कॅन तसेच टाकून आईला मोटरसायकलवर घेऊन गेला आणि दुपारी दोघं परत आली तेव्हा मालनबाईचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

हिम्मतरावांनी ते पांढरं प्लास्टर बघितलं, मग सुनेकडं बघितलं. म्हणाले, "आता धारा तुलाच काढाव्या लागतील, माधवी."

"हौ मामा," माधवी म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

हिम्मतराव मूळचे देगलूरकडचे. तरुणपणी दोन म्हशी घेऊन ते हैदराबादेत आले तेव्हा ह्या भागात मोकळी रानं होती. आता चारी बाजूंनी अपार्टमेंटं उभी राहिली होती आणि मधोमध पत्र्याचा गोठा आणि त्याला लागून घर तेवढं शिल्लक होतं. वरच्या मजल्यांवरून वासाची कुरकुर यायची आणि सकाळी त्याच मजल्यांवरून दुधासाठी पातेली यायची.

माधवी मुखेडच्या बाजूची. मराठी शाळेत शिकलेली, नांदेडला वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झालेली. लग्नानंतर तिनं इथल्या विद्यापीठाची पीएच. डी.ची परीक्षा दिली आणि पास झाली. तुरीवरचा मर रोग हा तिचा विषय. लहानपणी बापाच्या रानात उभी तूर वाळताना तिनं बघितली होती, म्हणून तो तिनं मागून घेतला. विद्यापीठ घरापासून चालत जाण्याजोगं, म्हणून हिम्मतरावही नाही म्हणाले नाहीत.

अडलं ते एका जागी. बाहेरून, लहान गावांतून आलेल्यांनी पहिल्या वर्षात अभ्यासाच्या इंग्रजी शब्दांचा एक कोर्स पुरा करायचा, तरच नाव पक्कं. शिकवायला माणूस नाही. सगळं ऑनलाइन. आपला नंबर टाकायचा, पासवर्ड टाकायचा, की सॉफ्टवेअर एकेक शब्द पुढं टाकणार. लेव्हलमागून लेव्हल चढत वर जायचं आणि शेवटी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून टेस्ट द्यायची.

पहाटेच्या धारा आटोपून, शेण भरून, अंगावर दोन तांबे पाणी घेऊन माधवी लॅबला पोचायची तेव्हा तिची बोटं वळलेली असायची. सवय मोडून वर्षं झाली होती. म्हशीचे सड ओढून ओढून अंगठ्याच्या मुळाशी गाठीसारखं दुखायचं, आणि माउस धरला की कळ थेट कोपरापर्यंत जायची.

पडद्यावर एक उतारा यायचा. त्यात एक जागा मोकळी. खाली चार शब्द. बाजूला घड्याळ. चुकलं की लाल फुली, आणि जास्त चुकलं की अख्खा धडा पहिल्यापासून. शब्दाचा अर्थ इंग्रजीत, आणि त्या अर्थातले शब्दही अडणारे. 'डिराइव्ह' तिनं 'ड्राइव्ह' वाचलं आणि गाडीचा अर्थ लावला. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' ह्यांनी तर तिला रडकुंडीला आणलं. पाण्याच्या ताणानं पिकावर परिणाम होतो, एवढंच त्या वाक्यात म्हटलेलं. परिणाम काय होतो ते माधवी पानं, मुळं, खोड सगळं सांगू शकली असती. उत्तर ठाऊक होतं, शब्द ठाऊक नव्हता. लाल फुली.

त्यात करंट जायचा. करंट गेला की नेट गेलं, नेट गेलं की धडा पहिल्यापासून.

"सर, निम्मा झाला होता," ती लॅबच्या इनचार्ज अप्पारावांना म्हणायची.

"निम्मा नै चलता अम्मा. पूरा होना," अप्पाराव फायलीतून मान वर न करता म्हणायचे. "सिस्टम है."

तिच्या शेजारच्या खुर्च्यांवरची मुलं कानाला हेडफोन लावून भराभर क्लिक करत वर चढत होती. माधवी तिसऱ्या लेव्हलवर अडकून बसली होती. एकदा मागच्या पोरीनं नाकाला ओढणी लावली. माधवीनं घरी येऊन कुर्ता हुंगला. केसांतून वास येत होता. ती पुन्हा नहायला गेली तर ड्रममध्ये पाणी नव्हतं.

समोरच्या अपार्टमेंटात दुसऱ्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं राहायला आलं होतं. कौस्तुभ उप्पलकडच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होता. त्याची बायको अनुराधा पुण्यात इंग्रजीची पुस्तकं तपासायचं काम करत होती. नवऱ्याच्या बदलीपायी ते सोडून आली होती आणि इथं दिवसभर घरात एकटी असायची. दुधाच्या निमित्तानं माधवीची ओळख झाली, तेव्हा मराठी ऐकून तिला फार आनंद झाला होता.

त्या दिवशी माधवी दूध घालायला गेली तेव्हा अनुराधानं विचारलं, "बरं नाहीये का? डोळे केवढे लाल झालेत."

माधवीला रडूच आलं. दाराच्या चौकटीत उभं राहून तिनं सगळं सांगितलं. शब्द, फुल्या, करंट, अप्पाराव.

"अगं, एवढंच ना?" अनुराधा म्हणाली. "माझ्याकडे ब्रॉडबँड आहे, इन्व्हर्टर आहे. दुपारी येत जा. मी शिकवीन तुला. मलाही बरं वाटेल."

माधवी दुपारी गेली. पंख्याखाली, थंड फरशीवर, स्वच्छ टेबलाशी बसताना तिनं पायांची बोटं आत ओढून घेतली. टाचांच्या भेगांत शेणाचं हिरवं राहिलं होतं.

"'मी वाचायले' नाही गं, 'मी वाचतेय'," अनुराधा हसत म्हणाली. "आधी मराठी सुधारू, मग इंग्रजी."

माधवीही हसली. हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती ती. पण त्यानंतर त्या घरात तोंड उघडताना वाक्य आधी मनात जुळवायची सवय तिला लागली. आता दोन भाषा जुळवाव्या लागत होत्या.

अनुराधा शिकवायची चांगलं. 'अझ्यूम' म्हणजे धरून चालणं, 'इन्फर' म्हणजे दिसतं त्यावरून ताडणं. तिनं सांगितलं की शब्द कळायचा. पण तिला धीर नव्हता. माधवी उतारा ओठ हलवत वाचायची, पुन्हा वाचायची, आणि घड्याळ पुढं सरकायचं. अनुराधा खुर्चीत चुळबूळ करायची.

"अगं सोपं आहे हे. तिसरं. तिसरं बघ ना."

"थांबा ताई, बघायले... बघतेय."

"वेळ संपेल!" आणि अनुराधाचा हात तिच्या हातावरून माउसवर जायचा. टिचकी. हिरवी खूण. "बघ, झालं."

माधवीला वाटायचं, झालं खरं, पण काय झालं? विचारावं तर पुढचा उतारा आलेला असायचा.

वैशाखात काळी म्हैस व्यायला आली. गोठ्यातली सगळ्यांत दुधाळ म्हैस तीच. दोन दिवस ती उठबस करत होती, पण पारडू येईना. पत्रा असा तापला होता की खाली उभं राहिलं तर डोकं गरगरायचं. प्रशांत आणि माधवी पोती भिजवून तिच्या पाठीवर टाकत होते आणि ती पोती बघता बघता कडक वाळत होती. जनावरांचा डॉक्टर आला, खांद्यापर्यंत हात घालून त्यानं पारडू वळवलं. मग माधवी, प्रशांत आणि हिम्मतराव तिघांनी पायाला दोरी लावून ओढलं. मालनबाई एका हातानं म्हशीचं तोंड धरून बसली होती.

"ओढ गं, ओढ! दम सोडू नको!"

पारडू जिवंत निघालं. पण म्हशीला ताप भरला, कास दगडासारखी झाली, ती पारडाला जवळ येऊ देईना. पुढचे कितीतरी दिवस माधवीचा सगळा वेळ गोठ्यातच गेला. कास गरम पाण्यानं शेकायची, चीक पिळायचा, पारडाला बाटलीनं पाजायचं. लॅब नाही, अनुराधाचं टेबल नाही. दूध घालायला प्रशांतच जायचा.

"अनुराधाताई विचारायल्या, माधवी का येत नाही म्हणून," त्यानं एकदा सांगितलं. "मी सांगितलं, म्हैस व्यालीय. म्हणल्या, काळजी करू नको म्हणावं, मी आहे."

म्हैस उभी राहिली, पारडाला चाटू लागली, तेव्हा माधवी पुन्हा समोर गेली. मनात धाकधूक होती. तिसऱ्या लेव्हलचं होतं नव्हतं तेही विसरलो असू असं वाटत होतं. तिनं नंबर टाकला. पासवर्ड आधीच भरलेला होता. अनुराधाच्या कॉम्प्युटरनं तो लक्षात ठेवला होता.

पडद्यावर सहावी लेव्हल आली.

माधवीला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं उघडलं. नाव बघितलं. तिचंच होतं. पहिला शब्द होता 'नॉटविदस्टँडिंग'. नॉट, विद, स्टँडिंग. तिन्ही शब्द तिला येत होते आणि मिळून काय झालं ते कळत नव्हतं. कोण उभं राहिलं नाही, कुणासोबत उभं राहिलं नाही?

"सरप्राइज!" अनुराधा सरबताचा ग्लास घेऊन मागं उभी होती. "तुझी म्हैस आजारी, तू अडकलेली. म्हटलं, आपण जरा ढकलून ठेवू. रोज दुपारी थोडं थोडं केलं. मजा आली गं मला! किती दिवसांनी डोकं चाललं माझं."

माधवी ग्लासकडं बघत राहिली.

"आता ही शेवटची लेव्हल आणि टेस्ट, एवढंच राहिलं," अनुराधा म्हणाली. "आवडलं नाही का तुला?"

"तसं नाही ताई. पण मधले शब्द..."

"ते काय, बघून घे मागे जाऊन."

माधवी मागं गेली. चौथी लेव्हल, पाचवी लेव्हल, सगळीकडं हिरव्या खुणा. एकाही शब्दावर क्लिक होत नव्हतं. शिकून झालेले शब्द सॉफ्टवेअर पुन्हा दाखवत नव्हतं. तिला ते येतात असं त्यानं नोंदून ठेवलं होतं.

"कोणते शब्द होते ताई? थोडे तरी आठवतात?"

अनुराधानं आठवायचा प्रयत्न केला. "असतील गं... नेहमीचेच. मला काही वेगळं असं वाटलंच नाही त्यांच्यात." आणि मग जरा दुखावून म्हणाली, "मी तुझ्यासाठीच केलं हे."

माधवीनं सरबत उभ्या उभ्या पिऊन टाकलं. ग्लास धुवून ठेवायला गेली तर अनुराधानं तो हातातून घेतला. "राहू दे, बाई येईल."

दुसऱ्या दिवशी ती अप्पारावांपुढं उभी राहिली.

"सर, माझी लेव्हल खाली आणता येते का?"

अप्पारावांनी पहिल्यांदा मान वर केली. "नीचे?"

"हो सर. चुकून वर गेली."

"गल्ती से कोई नीचे गिरता अम्मा, ऊपर नै चढता." ते हसले आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला तेलुगूत काही म्हणाले. तोही हसला. "सब लोग ऊपर जाने को रोते, तुम नीचे आने को रो रहे. लेव्हल नीचे नै आती. जाओ, टेस्ट दो, खुश रहो."

तिला खरं सांगता येत नव्हतं. दुसऱ्यानं केलं म्हटलं तर चोरी ठरणार, आणि आपण केलं म्हटलं तर मग तक्रार कसली? खुर्च्यांवरची मुलं मागं वळून बघत होती. माधवी बाहेर आली आणि जिन्याखालच्या सावलीत ओढणीनं मान पुसत बराच वेळ उभी राहिली.

टेस्टपर्यंतचे दिवस तिनं सहाव्या लेव्हलशी झटापट केली. पण पाया नसलेल्या भिंतीवर वीट ठेवावी तसं व्हायचं. एक शब्द धरावा तर त्याच्या अर्थात आधीच्या लेव्हलचे चार शब्द, जे सॉफ्टवेअरच्या हिशेबी तिला येत होते. अनुराधाकडं ती गेली नाही. प्रशांतनं विचारलं तर म्हणाली, "लॅबमध्येच बरंय." घरात म्हशीला पेंड घालताना, सरकी भिजवताना ती शब्द पुटपुटायची.

"काय मंत्र म्हणायलीस का?" मालनबाई म्हणायची. "म्हैस बुजायली तुझ्या मंत्राला."

टेस्टच्या दिवशी लॅबचा एसी बंद होता. खिडक्यांवर काळे पडदे, आत माणसांची वाफ. सॉफ्टवेअरनं तिला तेच शब्द विचारले, हिरव्या खुणांचे. पहिला तिनं आयुष्यात बघितलेला नव्हता. दुसराही नाही. एक शब्द ओळखीचा वाटला म्हणून तिनं झडप घातली, तर फुली. पुढंपुढं तिनं उतारे वाचायचं सोडलं आणि नुसतंच क्लिक केलं. घामानं माउस सटकत होता. शेवटी पडद्यावर एक इंग्रजी वाक्य आलं. त्यातला शब्दन्‌शब्द तिला कळला. ती नापास झाली होती.

तिच्या पीएच. डी.च्या गाइड मॅडमनी बोलावून घेतलं. बाई तेलुगू, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यापुढं अप्पारावांनी पाठवलेला कागद होता.

"दोन लेव्हल तू आठवड्याभरात केल्यास," त्या इंग्रजीत हळूहळू, तिला कळेल असं बोलल्या. "रोज भर दुपारी. एक चूक नाही. आणि टेस्टमध्ये त्यातला एकही शब्द येत नाही. मला समजावून सांग."

माधवीनं मनात वाक्य जुळवलं. म्हैस आजारी होती, हे एक कारण होतं. कॉम्प्युटर दुसऱ्याचा होता, हे एक कारण होतं. पण इंग्रजीत वळणं घेण्याइतके शब्द तिच्याकडं नव्हते. ती सरळच म्हणाली, "मॅडम, आय डिड नॉट डू. अनदर लेडी डिड. आय डिड नॉट टेल."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर कुणीतरी स्टूल ओढत नेत होतं.

"हे लिहून वर पाठवलं तर तुझं नाव आजच कापलं जाईल," त्या म्हणाल्या. "मी पाठवत नाही. हे खातं रद्द होईल. पुढच्या बॅचबरोबर नवा नंबर, पहिली लेव्हल. तुझी जागा मी तेवढ्यापुरती धरून ठेवू शकते. एकदाच. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे येऊ नकोस."

"येस मॅडम."

"आणि कुठंही बैस, पण तू बैस."

घरी सांगायचंच होतं. संध्याकाळच्या धारा झाल्यावर, सगळी ओट्यावर बसलेली असताना तिनं सांगितलं. हिम्मतराव दावं वळत होते. त्यांचे हात थांबले.

"बस झालं आता," ते म्हणाले. "माणसानं शिकवलं तर समजू शकतो. यंत्रानं एवढी नाचवली, वर चोर ठरवलं. कशाला करायचं ते? आपल्याला काय कमी हाय?"

प्रशांत म्हणाला, "दादा, तिची चूक नाही त्याच्यात."

"मी कुठं तिची चूक म्हणलाव? समोरच्या बाईची चूक. मशीनची चूक. कुणाचीबी असू दे. आपल्या माणसानं किती वेळा डोकं आपटावं भिंतीवर?"

माधवी खाली बघत होती. सासऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागत होतं. तिलाही हेच वाटत होतं. सोडून द्यावं. सकाळी धारा, दुपारी झोप, डोक्यात एकसुद्धा परका शब्द नाही.

मालनबाईचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून वाकडं धरायची ती. डाव्या हातानं ते चोळत म्हणाली, "मला तर सून गोठ्यातच बरी वाटते. हात माझा असा. पण आता सोडली तर लोक काय म्हणतील? चोरी धरली म्हणून घरी बसली. बसायचंच असलं तर पास होऊन बस म्हणावं. तवर धारा मी डाव्या हातानं काढते."

"डाव्या हातानं म्हैस लाथ घालील," हिम्मतराव म्हणाले.

"घालू दे. तुमच्या लाथा खाल्ल्याच की बोलण्याच्या."

हिम्मतरावांनी दाव्याचा पीळ पुन्हा हातात घेतला.

सकाळी दूध घालायला माधवी स्वतः गेली. अनुराधानं दार उघडलं. "अगं, होतीस कुठे? टेस्टचं काय झालं?"

"नापास झाले. खातं रद्द झालं. मॅडमना सगळं कळलं."

अनुराधाचा चेहरा उतरला. "माझं नाव सांगितलंस?"

"नाव नाही सांगितलं. दुसऱ्या बाईनं केलं एवढं सांगितलं."

"मला खरंच वाटलं होतं गं, तुला मदत होईल." अनुराधाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "आपण पुन्हा करू. मी ह्या वेळी नीट शिकवीन, हात लावणार नाही. शपथ."

माधवीला तिची दया आली आणि रागही आला. ती दिवसभर त्या थंड घरात एकटी असते, तिला कुणाचं तरी काहीतरी करायचं असतं, हे माधवीला कळत होतं. वाक्य मनात जुळवायचं राहून गेलं आणि ती घरच्याच मराठीत बोलली.

"ताई, तुमचं मन चांगलं हाय. पण मला येत नाही तेवढं तरी माझं राहू द्या. मला काय येत नाही तेच तुम्ही घेऊन टाकलं. आता मी शिकायचं काय?"

माधवीनं तिच्या हातातलं पातेलं घेऊन दूध मापलं.

"फक्त वायर द्या," ती म्हणाली. "नेटची. पैसे देऊ आम्ही. मी आमच्या घरात बसते."

"वायर," अनुराधा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बघते. कौस्तुभला विचारते." आणि दार लागलं.

माधवीला वाटलं, संपलं, आता दूधही दुसरीकडून घेतील. पण रविवारी कौस्तुभ गच्चीवर दिसला. केबलवाल्याला घेऊन त्यानं त्यांच्या बाल्कनीतून गल्लीवरून एक काळी वायर गोठ्याच्या पत्र्यापर्यंत आणली. अनुराधा बाल्कनीत उभी होती. तिनं खाली बघितलं नाही, पण वायर गुंतली तेव्हा तिनंच ती सोडवली.

प्रशांतनं नारायणगुड्याच्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर आणला. वैरणीच्या खोलीत कडब्याच्या पेंढ्या एका बाजूला रचून जागा केली. पडदा मोठा आणि पिवळट होता, आणि सुरू झाला की घरघरायचा.

नवा नंबर आला त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. माधवीनं हात साबणानं धुतले, ओढणीला पुसले आणि बसली. पहिली लेव्हल. उतारा लहान होता. मोकळी जागा, खाली चार शब्द. 'अफेक्ट' होता, 'इफेक्ट' होता. तिनं उतारा ओठ हलवत वाचला. घड्याळ चालू होतं. तिनं ते बघितलं नाही. पुन्हा वाचला. मग एक शब्द निवडला.

लाल फुली आली.

भिंतीपलीकडं हिम्मतराव म्हशीच्या अंगावरच्या गोमाश्या हाकत होते. घरघर ऐकून ते दारात आले, पण आत आले नाहीत.

"काय म्हणलं त्यानं?"

"चूक म्हणलं, मामा."

"मग आता?"

माधवीनं फुलीवरून डोळे काढले नाहीत. खाली तोच उतारा पुन्हा उमटला होता, चार शब्दांची जागा तेवढी बदलली होती.

"पुन्हा विचारायलंय," ती म्हणाली, आणि वाचायला लागली.